‘दुखणे’ या क्रियापदाचा कर्ता : समागमवेदनेच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

‘डोके दुखले’, ‘मान दुखली’, ‘पाय दुखले’ या वाक्यांत कर्त्याच्या जागी दुखणारा अवयव असतो. जिला दुखते ती व्यक्ती षष्ठीचा किंवा चतुर्थीचा आधार घेऊन बाजूला उभी राहते आणि क्रियापद आपले लिंगवचन अवयवाकडून घेते. या रचनेचा व्यावहारिक परिणाम असा की, मराठीत वेदना सांगावयाची तर बहुधा अवयवाचे नाव घ्यावे लागते. नाव न घेता ‘मला दुखते’ एवढेच म्हटले, तर ऐकणारा लगेच ‘कुठे?’ असे विचारतो, कारण वाक्य पुरे झालेले नसते. समागमाच्या वेळी जिला वेदना होतात अशा मराठी स्त्रीची अडचण या व्याकरणापासूनच सुरू होते. त्या अवयवासाठी भाषेने तिच्यापुढे दोनच प्रकारचे शब्द ठेवले आहेत : एक शिवीतला आणि दुसरा पोथीतला. पहिला तिला उच्चारवत नाही, दुसरा तिच्या तोंडी बसत नाही. मग ती ‘खाली’ हे अव्यय कर्त्याच्या जागी बसविते. किंवा वेदनेची जागाच हलवून ‘कंबर दुखते’, ‘ओटीपोट दुखते’ असे सांगते.

ही केवळ शब्दांची गोष्ट असती तर ती कोशकारांवर सोपविता आली असती. परंतु या विकाराचे निदान मुख्यतः स्त्रीच्या सांगण्यावर उभे असते. वेदना नेमकी कोठे होते, प्रवेशाच्या क्षणी की खोलवर, पहिल्यापासून होती की मधून सुरू झाली, प्रत्येक वेळी होते की पाळीच्या आसपास, ही उत्तरे मिळाल्याशिवाय वैद्याला पुढची दिशा सापडत नाही. अनेक कारणे अशी आहेत की सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. विकार दुर्मीळही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून त्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये सुमारे ८ ते २२ टक्के आढळले होते. तेव्हा या विषयावरील मराठी लेखनाला लावावयाची कसोटी साधी आहे : ते वाचून झाल्यावर स्त्रीला आपल्या दुखण्याविषयी एक पुरे वाक्य बोलता येते किंवा नाही?

प्राचीन परंपरेत या वेदनेचा उल्लेखच नाही, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील अडतिसाव्या अध्यायात योनिव्यापदांची चर्चा असून दोन्हीकडे त्यांची संख्या वीस मानली आहे. चरकाच्या ‘अतिचरणे’त अतिसमागमाने सूज, बधिरता आणि वेदना येते. ‘शुष्का’ या नावात कोरडेपणा आहे, ‘सूचीमुखी’त द्वाराची अरुंदता आहे, आणि ‘अंतर्मुखी’चे एक लक्षणच समागम न सोसणे हे आहे. सुश्रुताने ‘परिप्लुता’ ओळखण्याची खूण म्हणून समागमातील तीव्र वेदनाच सांगितली आहे. समागमाला तेथे ‘ग्राम्यधर्म’ असा शब्द योजला आहे. आणि अल्पवयीन मुलीशी केलेल्या समागमामुळे पाठ, कंबर, मांड्या व जांघा यांत होणाऱ्या वेदनेला चरकाने ‘प्राक्चरणा’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहितेसाठी दहाची मर्यादा बारावर नेली, त्या वेळी पुण्यात धर्मशास्त्रातील वचनांचा केवढा काथ्याकूट झाला! वैद्यकातील हे वचन त्या मानाने फारच कमी आठवले गेले असावे.

तथापि या परिभाषेची मर्यादाही तिच्या व्याकरणातच आहे. ‘शुष्का’, ‘सूचीमुखी’, ‘अंतर्मुखी’ ही विशेषणे ‘योनि’ या नामाची आहेत, स्त्रीची नव्हेत. कारणानुसार आणि लक्षणानुसार भेद करण्याची दृष्टी तेथे निश्चित आहे, पण पाहणारा बाहेरचा आहे आणि चिकित्सेचे अंतिम प्रयोजन गर्भधारणा हे आहे. विकाराचे वर्णन मिळते. विकार भोगणारीचे बोलणे मिळत नाही.

युरोपीय परिभाषेचा इतिहासही याहून फार उजळ नाही. ‘डिस्पॅरूनिया’ हा शब्द १८७४ साली इंग्रज प्रसूतितज्ज्ञ रॉबर्ट बार्न्झ यांनी रूढ केला. त्यातील ‘दुस्’ हा ग्रीक उपसर्ग संस्कृत ‘दुस्’चा सख्खा भाऊ आहे, आणि पुढील पदाचा अर्थ शय्येचा सोबती असा आहे. म्हणजे मूळ अर्थ ‘विजोड शय्यासोबत’ असा होतो. वेदनेला त्या शब्दात कोठेच जागा नाही. (‘दुःख’ शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती ‘दुस्’पासूनच देतात, म्हणून आपले ‘दुखणे’ हे या ग्रीक शब्दाचे दूरचे नातलग ठरते, आणि अर्थाच्या दृष्टीने त्याहून प्रामाणिक.) ‘व्हजायनिस्मस’ हा शब्द अमेरिकन शल्यचिकित्सक मॅरियन सिम्स यांनी १८६१ साली प्रचारात आणला, आणि स्नायूंच्या त्या आकुंचनावर त्यांनी सांगितलेला उपाय मुख्यतः छेदाचा होता. आज तो मार्ग कोणी योग्य मानीत नाही. पुढे शतकभर ‘वेदना’ आणि ‘आकुंचन’ अशी दोन निदाने वेगळी चालविली गेली. प्रत्यक्ष रुग्णात त्यांची सीमारेषा दाखविता येत नाही, म्हणून २०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाने ती एकत्र केली आणि वेदना, प्रवेशातील अडचण, वेदनेची भीती व श्रोणितलाच्या स्नायूंचे आखडणे यांना एकाच विकाराची लक्षणे मानले.

मराठीने या शब्दांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. विज्ञानाची परिभाषा संस्कृतातून घडविण्याचे धोरण स्वीकारल्यामुळे ‘वेदनायुक्त संभोग’ आणि ‘योनिआकर्ष’ असे शब्द छापील मराठीत आले. ‘संभोग’ म्हणजे दोघांनी मिळून घेतलेला उपभोग. त्याला ‘वेदनायुक्त’ असे विशेषण जोडल्यावर जे तयार होते, ते एका संमिश्र अनुभवाचे नाव वाटते. वेदना एकीलाच आहे ही गोष्ट समासात विरून जाते. ‘आकर्ष’ हा पारिभाषिक शब्द पेटक्यासाठी घडविला आहे, परंतु सामान्य वाचकाच्या कानाला तो ‘आकर्षण’च ऐकू येतो. नेमकी उलट स्थिती! वस्तुतः मान आखडते, पाय आखडतो, हे क्रियापद महाराष्ट्रातील प्रत्येक घरात आहे. ‘योनीभोवतीचे स्नायू आखडतात’ या वाक्याला पारिभाषिक प्रतिष्ठा का नसावी, याचे समाधानकारक उत्तर कोठेही दिलेले नाही. तीच गत ‘वंगणा’ची. ओलावा आणि कोरडेपणा हे शब्द हाताशी असताना देहाला यंत्रशाळेतील शब्द लावण्याची हौस लेखकांना का असावी?

या संकोचाला इतिहास आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत ते चालविले. त्या मासिकाचे भाषिक महत्त्व त्यातील लेखांपेक्षा वाचकांच्या प्रश्नोत्तरांत अधिक आहे, कारण मराठी माणसाने लैंगिक अडचण स्वतःच्या वाक्यात मांडावी आणि तिला त्याच पातळीवर उत्तर मिळावे, अशी छापील जागा पूर्वी नव्हती. १९३४ साली अश्लीलतेचा जो खटला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांच्या बाजूने लढविला, तो अशा प्रश्नोत्तरांवरूनच झाला होता, आणि त्यात कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांचे गद्य रूक्ष आहे, प्रसंगी तुसडेही आहे. पण ते अवयवाला अवयव म्हणते. त्यांच्यानंतरच्या लोकप्रिय आरोग्यलेखनाने हा गुण सोडून दिला आणि ‘नाजूक समस्या’, ‘खाजगी तक्रार’, ‘वैवाहिक जीवनातील गुंता’ अशा शब्दांचा आश्रय घेतला. या शब्दांनी लेख घरात नेता येण्याजोगा होतो, हे खरे. परंतु लेख वाचून संपला तरी दुखते कोठे हे कळत नाही.

स्त्रियांच्या बोलीकडे वळले म्हणजे चित्र बदलते. अवयवाच्या नावाची जी उणीव आहे, ती बोलीने वेदनेच्या गुणवाचक शब्दांनी भरून काढली आहे. आग होते, चुरचुरते, झोंबते, टोचते, सोलल्यासारखे होते. कळ येते, ठणका लागतो, ओढ लागते, आत कोणी दाबल्यासारखे होते. आखडते, अडते, भिंतीला लागल्यासारखे होते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठात वेदनामापनाची जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात अशाच प्रकारची ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत लावलेली आहेत. वेदनेचे शब्द शोभेचे नसून निदानाला उपयोगी पडणारा पुरावा आहेत, हे तत्त्व त्या प्रश्नावलीने मान्य करविले. वर दिलेले मराठी शब्दही योगायोगाने तीन गटांत पडलेले नाहीत.

पहिला गट बहुधा द्वाराजवळच्या वेदनेचा असतो. आग आणि चुरचुर यांमागे अनेकदा कोरडेपणा असतो. पुरेशी इच्छा वा उत्तेजना नसणे हे त्याचे एक कारण. पण अंगावर पाजणाऱ्या मातेत, पाळी गेलेल्या स्त्रीत, अंडाशय काढलेल्या स्त्रीत इस्ट्रोजेन कमी झाल्याने त्वचा पातळ व कोरडी होते, आणि तेथे पतीचे प्रेम वा पत्नीची इच्छा यांचा काही संबंध नसतो. काही औषधांनीही कोरडेपणा येतो. झोंबण्याबरोबर खाज आणि दह्यासारखा स्राव असेल तर बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव असतो. वास व रंग बदललेला असेल तर इतर जंतूंचा. तीव्र साबणाने किंवा जंतुनाशकाने वारंवार धुण्याची सवय हेही आग होण्याचे कारण असते, आणि ‘स्वच्छता पाळा’ एवढाच उपदेश करणारे लेख हे दुखणे वाढविण्यास हातभार लावतात. बाळंतपणातील टाक्यांचा व्रण एका ठरावीक जागी टोचतो. ‘लायकेन स्क्लेरोसस’ या त्वचाविकारात खाज येऊन त्वचा पांढरी व चिवट होते. आणि कोठेही संसर्ग वा जखम न दिसता कापसाच्या बोळ्याच्या स्पर्शानेही द्वाराशी आग होते, अशीही एक स्थिती आहे. तिला ‘व्हल्वोडिनिया’ म्हणतात. ‘काही दिसत नाही, म्हणजे मनाचे आहे’ हे वाक्य तिच्याच बाबतीत सर्वांत अधिक वेळा आणि सर्वांत चुकीचे बोलले जाते.

कळ, ठणका, आत दाबल्यासारखे होणे हा दुसरा गट खोलवरच्या कारणांकडे बोट दाखवितो. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती बाहेर वाढते तो एंडोमेट्रिओसिस, श्रोणिभागातील दाह, अंडाशयातील गाठी, फायब्रॉइड, जुन्या शस्त्रक्रियेनंतरच्या चिकटण्या, मूत्राशयाचे व आतड्याचे विकार, आणि भारतात विसरता न येणारा जननमार्गाचा क्षय ही त्यांतील ठळक कारणे. एंडोमेट्रिओसिस जननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांत असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; तरी निदान होईपर्यंत कित्येक वर्षे निघून जातात. पाळीत असह्य दुखणे, शौचास होताना दुखणे आणि समागमात खोल दुखणे या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या गेल्या, तर त्यांतील कित्येक वर्षे वाचतील. पण त्या तीन वेगवेगळ्या लाजांच्या कप्प्यांत राहतात. तिसऱ्या गटातील आखडणे व अडणे हे स्नायूंचे असते. ते इच्छेने केलेले नसते, आणि ते एकदा वेदनेशी जोडले गेले म्हणजे वेदनेची नुसती अपेक्षाही पुरते. अर्थात शब्दावरून निदान होत नाही. एकाच स्त्रीत तिन्ही गट एकत्र येतात, कारण जुन्या जंतुसंसर्गाने सुरू झालेली वेदना संसर्ग गेल्यावरही स्नायूंत टिकून राहते. पण तपासणी कोठून सुरू करावयाची, हे शब्द सांगतो.

एका निपाताचा येथे स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे. ‘पहिल्या वेळी दुखतेच’ हे वाक्य लग्नघरात वडीलधाऱ्या बायका नव्या नवरीला सांगतात. त्यातील ‘च’ लक्षणाचा नियम करून टाकतो. थोडी अस्वस्थता आणि असह्य वेदना यांतील अंतर त्या एका अक्षराने पुसले जाते. पुढे ‘होईल सवय’, त्यानंतर ‘मूल झाले की थांबेल’. वेदनेला दर वेळी पुढची मुदत मिळते. आणि जेथे समागमच तिच्या इच्छेविरुद्ध आहे, तेथे हे सारे उपदेश अत्याचारावर पांघरूण घालतात. त्या दुखण्याचा उपाय मलमात नाही; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लैंगिक छळाचा हिंसेत स्पष्ट समावेश केला आहे, ही माहिती आरोग्यलेखनात यावयास हवी.

मदत मागण्याचे मराठी शब्दही याच दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार इतर भारतीय भाषांत कितपत सापडेल, हा अभ्यासाचा विषय आहे; मराठीत मात्र त्यात सोशिकपणाचे कौतुक मिसळलेले आहे. त्याच्या उलट ‘डॉक्टरांना दाखविणे’. या प्रयोगातील ‘दाखविणे’ रोजच्या वापराने झिजून ‘सल्ला घेणे’ एवढ्याच अर्थाला आले आहे. ताप दाखवितात, खोकला दाखवितात. परंतु या एका दुखण्यापाशी झिजलेल्या क्रियापदाला त्याचा मूळ अर्थ परत मिळतो, आणि स्त्री दवाखान्याच्या पायरीवर थबकते. आरोग्यलेखकाने येथे ‘लाज सोडा’ असा आदेश देण्याचे कारण नाही. दाखविण्यापूर्वी सांगावयाचे असते, आणि पहिल्या भेटीत पुष्कळदा सांगणेच पुरते. तपासणी तिच्या संमतीनेच होते, स्त्री-डॉक्टर वा सोबतीण मागता येते, मध्येच ‘थांबा’ म्हणता येते, हे त्याने लिहावे. समागमानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, ओटीपोटात दुखून ताप येणे यांपैकी काही असेल तर थांबू नये, हेही लिहावे. उपायांच्या बाबतीतही तेच. कोरडेपणाला पाण्यावर आधारलेली जेली किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावावयाचे इस्ट्रोजेनचे मलम, संसर्गाला त्याचे औषध व गरजेप्रमाणे पतीलाही औषध, आखडलेल्या स्नायूंना श्रोणितलाचे व्यायाम व समुपदेशन असे उपाय ठरलेले आहेत. घरचे खोबरेल लेटेक्सच्या निरोधाला कमकुवत करते, एवढी बारीक गोष्टसुद्धा एका वाक्यात सांगता येते. वेदना बरी होत असताना समागम थांबविण्याचा अधिकार स्त्रीला आहे, हे वाक्य मात्र आरोग्यस्तंभांत शोधावे लागते.

जिला स्वतःचे वाक्य सापडत नाही तिच्या तोंडी दुसऱ्याचे वाक्य येते. ‘पिशवीला सूज आहे’ हे असे महाराष्ट्रभर फिरणारे वाक्य आहे. ‘पिशवी’ हा शब्द सोपा आहे, घरगुती आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. कारण पिशवी ही काढून ठेवता येणारी वस्तू असते. द्वाराशी होणारी आग, कोरडेपणा, स्राव, कंबरदुखी हे सर्व एकदा ‘पिशवी’त कोंबले की पुढचे वाक्य ‘काढून टाकू’ हे असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागे उचल, मजुरी, पाळीतील खाडे आणि खाजगी दवाखान्यांचे अर्थकारण ही मोठी कारणे होती. भाषेवर सगळा भार टाकणे अन्यायाचे होईल. परंतु कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले, तर कोरडेपणा आणि समागमवेदना वाढण्याचाच संभव असतो. ज्या तक्रारीसाठी शस्त्रक्रिया झाली, तीच तक्रार नव्या कारणाने परत येते.

याच्या उलट बाजूला गडचिरोलीतील काम आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. त्या लेखाने वैद्यकाला आकडा दिला. भाषेच्या अभ्यासकाला मात्र डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ अधिक मोलाचे वाटेल, कारण त्यात त्या भागातील बायका आपल्या देहाविषयी काय समजतात आणि काय म्हणतात, हे ऐकून घेतले आहे. पुस्तकाचे नावही ‘दाखविणे’ या क्रियापदाला बाजूला सारून ऐकण्याला पुढे आणणारे आहे.

असे ऐकणे कोकणात, मराठवाड्यात, खानदेशात आणि शहरांतील वस्त्यांत व्हावयाचे आहे. भाषाविभागातील संशोधकांनी त्यासाठी वैद्यकाची पदवी घेण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक बोलीत ‘आग’ आणि ‘कळ’ यांच्या जागी कोणते शब्द येतात, ‘खाली’, ‘आत’ आणि ‘दाराशी’ असा भेद बायका आपसांत कसा करतात, समागमाच्या वेळेसाठी ‘जवळ येताना’, ‘संबंधाच्या वेळी’ यांखेरीज कोणते प्रयोग आहेत, विधवा आणि सासुरवाशीण यांच्या बोलण्यात फरक पडतो का, एवढी टाचणे जरी एकेका तालुक्यातून स्त्री-संशोधकांनी गोळा केली, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढे ठेवण्याजोगी दहा-बारा प्रश्नांची मराठी प्रश्नावली त्यांतून तयार होईल. तिच्यातील पहिला प्रश्न ‘तुम्हाला वेदनायुक्त संभोगाचा त्रास आहे का?’ असा नसेल. ‘जवळ येताना दुखतं का, आणि दुखतं ते दाराशी की आत?’ असा असेल.